मुष्टियुद्ध-व्यायाम आणि बलार्धाचा विचार

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील, आणि आता तालुक्याच्या गावांतीलही, व्यायामशाळांचे स्वरूप पालटले आहे. लोखंडी वजने आणि पळण्याचे यंत्र यांच्या जोडीला छताला टांगलेली जाड बॅग, भिंतीवरचे फेऱ्यांचे घड्याळ आणि खुंटीवर लटकणारे हातमोजे दिसू लागले आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंगला कांस्यपदक मिळाले. २०१२ साली लंडनला महिलांच्या मुष्टियुद्धाचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि त्याच वर्षी मेरी कोम हिने पदक आणले. पुढे लवलिना बोर्गोहेन आणि निखत झरीन यांची नावे घरोघरी पोहोचली. त्यामुळे एकेकाळी लष्करी छावण्या आणि मोजके क्लब यांपुरता असलेला हा खेळ आज मध्यमवयीन गृहिणीही ‘बॉक्सिंगचा क्लास’ म्हणून करू लागल्या आहेत. यांतील बहुतेकांना रिंगणात उतरून कोणाशी लढावयाचे नसते. वजन उतरावे, दम वाढावा आणि दिवसभराचा ताण हलका व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

हे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात तेव्हा आपण ‘व्यायाम करता का?’ असे विचारतो. ‘हो, जिमला जातो’ असे उत्तर मिळाले की केसपेपरवर ‘व्यायाम – आहे’ असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आहाराविषयी मात्र आपण रस, मात्रा, काल, सात्म्य असे सर्व विचारतो. व्यायाम हेही मात्रेने द्यावयाचे द्रव्यच आहे असे मानले, तर एका ‘आहे’ या शब्दावर थांबणे शास्त्राला धरून नाही. कोणता व्यायाम, किती वेळ, कोणत्या ऋतूत, कोणत्या बलाच्या व्यक्तीने, याचा विचार वैद्याने केला नाही तर तो दुसरे कोणीही करीत नाही. या दृष्टीने मुष्टियुद्ध-व्यायामाचा परामर्श घेण्याचा आमचा हेतू आहे.

या व्यायामाचे स्वरूप

सर्वसाधारणपणे हा वर्ग एक तासाचा असतो. प्रारंभी अंग गरम करण्याचे व्यायाम आणि दोरीवरच्या उड्या होतात. त्यानंतर आरशासमोर हवेत ठोसे मारण्याचा सराव, ज्याला शॅडो बॉक्सिंग म्हणतात, तो केला जातो. मग हातांना पट्ट्या गुंडाळून व मोजे चढवून बॅगवर ठोसे मारले जातात, अथवा प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर ठराविक क्रमाने प्रहार केले जातात. शेवटी पोटाचे व्यायाम आणि ताण देऊन स्नायू मोकळे करणे, असा क्रम असतो. बॅगवरील काम फेऱ्यांमध्ये वाटलेले असते. स्पर्धेतील पद्धतीप्रमाणे तीन मिनिटे प्रहार आणि एक मिनिट विश्रांती ही बहुधा त्याची विभागणी असते.

ठोसा हाताने मारला जातो, परंतु त्याचे बल पायातून येते. मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर वळते, धड वळते, खांदा पुढे येतो आणि सर्वांत शेवटी मूठ पोहोचते. त्यामुळे हा खऱ्या अर्थाने सर्वांगाचा व्यायाम आहे. कंबर न वळवता केवळ खांद्याच्या जोरावर ठोसे मारणाऱ्याचा खांदा व कोपर महिन्याभरात दुखू लागतात, याचे कारणही हेच.

शारीरिक परिश्रमांची तुलना करण्यासाठी आधुनिक व्यायामशास्त्रात ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या अवस्थेतील ऊर्जाव्यय म्हणजे एक मेट. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित सारणीत बॅगवर ठोसे मारण्यास ५.५, सरावाच्या लढतीस ७.८ आणि रिंगणातील लढतीस १२.८ मेट असे आकडे दिले आहेत. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर अखंड बॅगवर काम केले, तर या हिशेबाने सुमारे ३३० कॅलरी खर्च होतील. रिंगणातील लढतीचा आकडा घेतला तर तोच हिशेब साडेसातशेच्या पुढे जातो, परंतु त्या वेगाने तासभर कोणी लढत नाही. एका तासात ‘हजार कॅलरी जाळा’ असे कोणी सांगितले, तर रुग्णाला हे साधे गणित समजावून द्यावे. आठवड्याच्या चार वर्गांनंतरही वजन हालत नाही म्हणून निराश झालेले आणि त्या निराशेपोटी जेवण तोडणारे रुग्ण आपल्याला नवे नाहीत.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पायांनी केलेल्या श्रमापेक्षा तेवढाच श्रम हातांनी केला असता हृदयाची गती आणि रक्तदाब अधिक वाढतात. शिवाय नवशिका मनुष्य ठोसा मारताना श्वास रोखून धरतो, त्यामुळे रक्तदाबात आणखी भर पडते. चालण्याच्या व्यायामाने ज्याला काही त्रास होत नाही, त्याला हा व्यायामही मानवेल असे गृहीत धरता येत नाही.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना तीन गोष्टी सांगितल्या आहेत. ती शरीराची चेष्टा असावी, ती मनाला इष्ट असावी, आणि तिने स्थैर्य व बल वाढावे. अशी चेष्टा मात्रेने करावी, असे त्यांनी त्याला जोडून सांगितले आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषक्षय आणि अग्निवृद्धी ही तिची फले होत. या कसोट्यांवर मुष्टियुद्ध-व्यायाम घासून पाहिला तर तो सहज उतरतो. किंबहुना ‘मनाला इष्ट’ या कसोटीवर तो पुष्कळ यांत्रिक व्यायामांपेक्षा सरस ठरतो. पळण्याच्या यंत्रावर दहा मिनिटांत कंटाळणारा मनुष्य बॅगसमोर अर्धा तास रमतो. दिवसभर वरिष्ठांचे ऐकून घेणाऱ्या मनुष्यास चार ठोसे मारून मोकळे वाटते, हा अनुभव नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण आहे ती मात्रेची. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या दिनचर्याध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असा स्पष्ट निर्देश आहे. वाग्भटाने तो बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीस, आणि तोही शीत व वसंत ऋतूंत सांगितला आहे. अन्य ऋतूंत याहूनही अल्प करावा असा त्याचा अभिप्राय आहे. अतियोगाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी हे विकार होतात. अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह दुर्बल नसतो, हे या उपमेचे मर्म आहे. बलवानाचाही नाश आपल्या बलाचा अंदाज चुकल्याने होतो.

चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाच्या चार हेतूंत साहसाला पहिले स्थान दिले आहे. आपल्याहून बलवानाशी झुंजणे, अतिभार उचलणे, दूरवर धावणे इत्यादी उदाहरणे देऊन अयथाबल कर्म म्हणजे साहस, असा त्याचा आशय त्यांनी स्पष्ट केला आहे. क्षतक्षीणाच्या अध्यायातही हेच हेतू पुन्हा येतात.

व्यायामशाळेतील घड्याळाचा दोष नेमका येथे आहे. घंटा सर्वांना सारखी वाजते, बल मात्र ज्याचे त्याचे वेगळे असते. बावीस वर्षांचा कफप्रकृतीचा तरुण, रात्रपाळी करून आलेला चाळिशीचा वातप्रकृतीचा कारकून आणि रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्री हे तिघेही एकाच घंटेवर सुरू होतात आणि दुसऱ्या घंटेवर थांबतात. पहिल्याचे बलार्ध कदाचित तिसऱ्या फेरीत येते, दुसऱ्याचे पहिल्या फेरीच्या मध्यावरच येऊन गेलेले असते. त्यानंतर तो जे करतो त्याला वर्गात ‘जिद्द’ म्हणतात. शास्त्रात त्याला साहस म्हणतात.

बलार्ध कसे ओळखावे

बलार्धाची लक्षणे ही प्राचीनांनी दिलेली अत्यंत व्यवहार्य देणगी आहे. हृदयस्थानी असलेला वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागणे, हे सुश्रुताने सांगितलेले मुख्य लक्षण आहे. कपाळ, नाक, काखा आणि सांधे येथे घाम येणे व तोंड कोरडे पडणे ही लक्षणे टीकाकारांनी त्यास जोडली आहेत. चरकसंहितेच्या काही पाठांत स्वेदागम, श्वासवृद्धी, गात्रलाघव आणि हृदयप्रदेशी अवरोधाची जाणीव असा उल्लेख आढळतो.

आजचे व्यायामतज्ज्ञ एक सोपी परीक्षा सांगतात. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर परिश्रम मध्यम आहे. चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल तर तो तीव्र आहे. ही परीक्षा आणि बलार्धाची लक्षणे ही एकमेकांच्या फार जवळची आहेत. रुग्णाला संस्कृत संज्ञा सांगण्याची आवश्यकता नाही. ‘तोंड उघडून श्वास घ्यावा लागला आणि नाकाच्या शेंड्यावर घाम आला की घंटेची वाट न पाहता हात खाली घ्या. श्वास पुन्हा नाकाने चालू लागला म्हणजे सुरू करा’, एवढे वाक्य पुरते. आम्ही हे वाक्य चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती चिठ्ठी प्रशिक्षकास दाखविण्यास सांगतो. प्रशिक्षकांनाही अशी स्पष्ट सूचना हवी असते, असा आमचा अनुभव आहे.

मधुमेह, उच्च रक्तदाब अथवा हृद्रोगाची औषधे चालू असलेल्यांना मात्र केवळ या लक्षणांवर सोडू नये. हृदयाची गती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांत नाडीवरून परिश्रमाचा अंदाज चुकतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यास रिकाम्या पोटी वर्गात गेल्यास साखर अकस्मात उतरण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती व आवश्यक त्या तपासण्या झाल्यावरच प्रारंभ करावा.

पूर्वपरीक्षा आणि ऋतुविचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णबलपरीक्षेत व्यायामशक्तीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे, आणि ती कर्मशक्तीवरून प्रवर, मध्य, अवर अशी जाणावी असे सांगितले आहे. चिकित्सालयात ही परीक्षा करण्यास उपकरण लागत नाही. दोन मजले जिना न थांबता चढता येतो का, चढल्यावर श्वास पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, आदल्या दिवसाच्या श्रमाचा शीण सकाळी उरतो का, हे तीन प्रश्न पुरेसे बोलके आहेत.

रक्तपित्ताची प्रवृत्ती, कार्श्य, श्वास, कास, भ्रम, उरःक्षत आणि अजीर्ण असणाऱ्यांस व्यायामाचा निषेध संहितांत आहे. त्याला आजच्या काळात काही गोष्टी जोडाव्या लागतात. अनियंत्रित रक्तदाब, छातीतील श्रमजन्य वेदना, मानेच्या मणक्यांतून हातात जाणाऱ्या मुंग्या, चष्म्याचा फार मोठा ऋण क्रमांक व नेत्रपटलाचे विकार, गर्भावस्था, आणि अलीकडेच येऊन गेलेला ज्वर या अवस्थांत हा व्यायाम सुरू करू देऊ नये. ज्वरातून उठलेला रुग्ण ‘अशक्तपणा घालवण्यासाठी’ जिम सुरू करतो, तेव्हा त्याला थांबवणे हेही आपले काम आहे.

ऋतूचा विचार केला असता आपल्याकडे एक विसंगती दिसते. जानेवारीत नव्या वर्षाच्या संकल्पाने पुष्कळजण व्यायामशाळेत नाव घालतात. तो काळ शिशिराचा असल्याने शास्त्रदृष्ट्या अनुकूल आहे. परंतु दुसरी मोठी भरती एप्रिल-मे महिन्यांत, मुलांच्या सुट्टीच्या निमित्ताने होते. ग्रीष्मात बल क्षीण असते, घामाने उदकक्षय होतो आणि बंद खोलीतील वर्गात हवा खेळत नाही. कोकण व मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. या काळात नव्याने प्रारंभ करणाऱ्यांस पहाटेची वेळ आणि निम्म्याहून कमी फेऱ्या सुचवाव्यात. वर्षाऋतूत अग्निमांद्य लक्षात घेऊन तसाच संकोच करावा.

पादांशिक क्रमाचा उपयोग

बल सहज, कालज आणि युक्तिकृत असे त्रिविध आहे. व्यायामाने जे मिळते ते युक्तिकृत बल, आणि युक्तीचा भाग क्रमात आहे. हितकर गोष्टींचे सेवन पाव-पाव अंशाने वाढवीत न्यावे, हा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी व्यायामाच्या विवेचनाला लागूनच सांगितला आहे. त्या तत्त्वाचा आम्ही पुढीलप्रमाणे उपयोग करतो.

पहिल्या आठवड्यात बॅगला हात लावावयाचा नाही. उभे राहण्याची पद्धत, पावले टाकणे आणि हवेतील ठोसे एवढेच करावे. दुसऱ्या आठवड्यात वर्गाच्या एकूण फेऱ्यांपैकी पाव भाग बॅगवर, तिसऱ्यात अर्धा आणि चौथ्यात पाऊण भाग करावा. उरलेल्या फेऱ्यांत सावकाश चालत राहावे. अवर व्यायामशक्तीच्या व्यक्तीस हाच क्रम एकेका आठवड्याऐवजी दोन-दोन आठवड्यांनी द्यावा आणि एक मिनिट प्रहार, दोन मिनिटे चालणे अशी विभागणी ठेवावी. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर सोडावा. दोन वर्गांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र परिश्रम असे प्रमाण सांगितले आहे. आठवड्यातून तीन वर्ग आणि उरलेल्या दिवशी चालणे, इतक्याने हे प्रमाण सहज पुरे होते.

सेहेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकेस आम्ही हा क्रम दिला होता. स्थौल्य, अल्पनिद्रा आणि चिडचिड या तक्रारी होत्या, गुडघेही थोडे दुखत असत. दोरीवरच्या उड्या पूर्ण वर्ज्य केल्या. चार महिन्यांत वजन अवघे तीन किलो उतरले, परंतु झोप सुधारली, मलप्रवृत्ती नियमित झाली आणि जिना चढताना लागणारा दम गेला. वजनकाट्यापेक्षा या फलांकडे रुग्णाचे लक्ष वेधणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

इजा व मर्मविचार

शॅडो, बॅग आणि पॅड एवढ्यापुरता मर्यादित असलेला व्यायाम आणि डोक्यावर प्रहार होणारी लढत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंख हे सद्यःप्राणहर मर्म आहे, आणि शिर हे त्रिमर्मांपैकी एक होय. केवळ स्वास्थ्यासाठी येणाऱ्या व्यक्तीने ‘गंमत म्हणून’ही डोक्यावर प्रहार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोक्याला मार लागल्यानंतर वांती, गुंगी, दुहेरी दिसणे किंवा वाढती डोकेदुखी असल्यास औषध देत न बसता रुग्णालयात पाठवावे.

आपल्याकडे अधिक येतात त्या हाताच्या इजा. मणिबंध हे सुश्रुताने रुजाकर मर्मांत गणले आहे, तर कूर्च, कूर्पर व अंस ही वैकल्यकर मर्मे होत. मणिबंध वाकडा ठेवून ठोसा मारल्यास तेथील स्नायु-कंडरांना इजा होते. ठोसा तर्जनी आणि मध्यमा यांच्या सांध्यांवर बसावयास हवा. तो करंगळीच्या बाजूला बसला तर करंगळीच्या तळहाडाची मान मोडते. मूठ वळल्यावर करंगळीचा उंचवटा खचलेला दिसणे किंवा करंगळी शेजारच्या बोटावर तिरपी येणे ही तिची चिन्हे आहेत. अशा हाताला तेल चोळू नये, लेप लावून घरी पाठवू नये. प्रथम क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. अस्थिभग्न नाही याची खात्री झाल्यावर, सूज उतरेपर्यंत विश्रांती व लेप, आणि नंतरच अभ्यंग-स्वेदन, हा क्रम पाळावा. पट्ट्या नीट बांधणे आणि पुरेसे जाड मोजे वापरणे हा या सर्वांवरचा उत्तम निदानपरिवर्जनाचा उपाय आहे.

सामायिक मोजे हा आणखी एक दुर्लक्षित हेतू आहे. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठादि औपसर्गिक रोग स्पर्शाने व वापरलेल्या वस्तूंतून संक्रमित होतात असे सांगितले आहे. दुसऱ्याच्या घामाने ओलसर असलेले मोजे घातल्याने बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर दद्रू उद्भवल्यास आश्चर्य नाही. पट्ट्या स्वतःच्या असाव्यात, रोज धुवाव्यात आणि मोजे उन्हात वाळवावेत.

विलंब न करण्याची अवस्था

येथे एका रुग्णाचा वृत्तान्त देणे उपयुक्त होईल. अडतीस वर्षांचा, बैठे काम करणारा पुरुष. पूर्वी कोणताही व्यायाम नव्हता. वर्गात नाव घातल्यावर पहिल्याच दोन दिवसांत त्याने सर्वांच्या बरोबरीने सर्व फेऱ्या पूर्ण केल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही दंड सुजून कडक झाले, कोपर सरळ होईना. चौथ्या दिवशी मूत्राचा वर्ण कोऱ्या चहासारखा झाला. ‘उष्णता झाली आहे, गोखरूचे काही द्या’ अशी त्याच्या भावाची मागणी होती. आम्ही कोणतेही औषध न देता त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले. अनभ्यस्त अतिश्रमाने मांसपेशींचा नाश होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली होती. ही द्रव्ये मूत्रपिंडांतून जाताना त्यांना निकामी करू शकतात. शिरेवाटे द्रव देऊन आणि रक्ततपासण्यांवर लक्ष ठेवून पाच दिवसांनी तो घरी आला. मूत्रपिंडे वाचली.

अतिव्यायामानंतर अंगदुखी सर्वांनाच होते. परंतु तीव्र वेदना, कडक सूज आणि गडद मूत्र हे त्रिकूट एकत्र दिसले तर तो मूत्रकृच्छ्राचा किंवा पित्तप्रकोपाचा सामान्य रुग्ण समजू नये. तो त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचला पाहिजे. अशा रुग्णास वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत, कारण त्यांपैकी अनेक गोळ्या मूत्रपिंडांवरील भार वाढवितात. श्रमाच्या वेळी छातीत दडपण येणे, जबडा वा डावा हात भरून येणे, मूर्च्छा येणे यांनाही हाच नियम लागू आहे.

आहार व अभ्यंग

आपल्या तालमींत व्यायाम कधी एकटा नव्हता. त्याच्यासोबत खुराक, मालीश, विश्रांती आणि वस्तादाची नजर असे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या आहाराचाही विचार आढळतो. आजच्या वर्गाने तालमीतून श्रम घेतला, परंतु त्याचा परिवार मागे ठेवला. तो परिवार परत देणे वैद्याला शक्य आहे.

जेवणानंतर किमान दोन-तीन तास व्यायाम करू नये, आणि रात्रभराच्या उपवासानंतर एकदम तीव्र श्रमही करू नये. व्यायामापूर्वी दोन-तीन खजूर किंवा मूठभर लाह्या पुरतात. व्यायामानंतर चरकाचार्यांच्या श्रमहर गणातील द्रव्ये आठवावीत. द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठेसाळी ही दहा द्रव्ये आपल्या बाजारात व स्वयंपाकघरात बहुतांशी उपलब्ध आहेत. भिजवलेल्या मनुका व खजूर कुसकरून केलेले पाणी, डाळिंबाचा रस, जवाची पेज यांचा पित्तप्रधान व्यक्तीस उत्तम उपयोग होतो. मांसधातूच्या पोषणासाठी मुगाचे कढण, दूध, आणि मांसाहारी व्यक्तीस मांसरस पुरेसा आहे.

व्यायामानंतर अंगाचे मर्दन वाग्भटाने सांगितले आहे. वातप्रधान व्यक्तीस तिळतेल अथवा बलातैल, कफमेदःप्रधान व्यक्तीस कुळथाच्या पिठाने उद्वर्तन योजावे. खांदे, मनगटे आणि पोटऱ्या यांना दहा मिनिटे दिली तरी पुष्कळ काम होते. त्यानंतर थोडी विश्रांती, आणि मग कोमट पाण्याचे स्नान.

औषधविक्रेते बंधूंसाठी

व्यायामशाळेतून निघालेला तरुण वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानात जातो, म्हणून या विषयात आपली जबाबदारी आमच्याइतकीच आहे.

प्रथम, बलवर्धनाच्या नावाखाली मागितल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबाबत. मेफेन्टरमिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढविण्यासाठीचे औषध काही तरुण व्यायामापूर्वी टोचून घेतात. त्याने थकव्याची जाणीव दबते, म्हणजेच बलार्धाची लक्षणे पुसली जातात, आणि हृदय मात्र फटके खात राहते. असे औषध चिठ्ठीशिवाय देणे हा गुन्हा तर आहेच, पण तो एखाद्याच्या प्राणावरही बेतू शकतो. अॅनाबॉलिक स्टेरॉइड्सचे तेच. ‘संपूर्ण आयुर्वेदिक, पंधरा दिवसांत वजन वाढवा’ असे डबे निर्मात्याचा परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि तुकडी क्रमांक पाहिल्याशिवाय ठेवू नयेत. इतक्या त्वरेने मांस वाढविणारे वनस्पतिद्रव्य आम्हास ज्ञात नाही. तशी फलश्रुती दिसली तर डब्यात वनस्पतीव्यतिरिक्त काही असावे, अशी शंका घ्यावी.

द्वितीय, दद्रूसाठी स्टेरॉइडमिश्रित मलम. ते लावल्याने कंडू शमतो आणि रोग पसरतो. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सवलत काढून घेण्यात आली आहे, याची आठवण असावी.

तृतीय, आणि वैद्य व विक्रेते दोघांसाठीही महत्त्वाचे. वर्गात येणाऱ्यांपैकी काहीजण पुढे स्पर्धांत उतरतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्ट्रिक्निन हे द्रव्य स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. कुचल्याचे ते प्रमुख क्षारतत्त्व होय. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला आहे. कंबरदुखीसाठी दिलेली अशी वटी एखाद्या खेळाडूची कारकीर्द संपवू शकते. भांगयुक्त जातीफलादि चूर्ण आणि एफेड्रायुक्त सोमकल्प यांबाबतही हीच दक्षता हवी. आपल्या देशात २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदाही संमत केला आहे. ‘स्पर्धेत भाग घेता का?’ हा एक प्रश्न विचारावा, चिठ्ठीवर कल्पाबरोबर घटकद्रव्येही लिहावीत, आणि विषवर्गीय द्रव्यांच्या वेष्टनावरील वैद्यकीय देखरेखीची सूचना ग्राहकास वाचून दाखवावी.

समारोप

मुष्टियुद्ध-व्यायाम हा परदेशातून आलेला म्हणून त्याज्य नाही, आणि नवा म्हणून सर्वांस ग्राह्यही नाही. योग्य व्यक्तीस, योग्य ऋतूत, क्रमाने आणि अर्ध्या शक्तीने दिला असता तो अग्नी, बल आणि मनःप्रसाद ही तिन्ही देतो. तोच घंटेच्या हुकमाने केला तर साहस होतो.

यास्तव केसपेपरवर ‘व्यायाम – आहे’ या नोंदीपुढे चार बाबी लिहिण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, अशी नम्र सूचना आहे: प्रकार, आठवड्यातील दिवस, कोणत्या फेरीत तोंडाने श्वास सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शीण उरतो की नाही. या चार नोंदींस दोन मिनिटे लागतात. ज्या रुग्णाच्या थकव्यासाठी आपण बल्य कल्प लिहिणार असतो, त्यास अनेकदा औषधाची नव्हे, दोन फेऱ्या कमी करण्याची आवश्यकता असते, हे त्यांतून कळून येईल.